कल्ले उघडून दाखवा

मी पदवीधर झालो तो मोठेबाबांमुळे. मोठेबाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, लहानूजी. ते करडी गावच्या बाजारात तलावातली मासोळी विकतात. कोणी मागितलं नाही तरी प्रत्येक मासोळीचे कल्ले उघडून दाखवतात. "पाहा, लाल हाय का नाई? पाहणं तुमचा हक्क हाय." एका बाईंनी 'चिखलाचा वास येते' म्हणून अर्धा रोहू परत आणला. उरलेला अर्धा घरच्यांनी खाल्ला होता. मोठेबाबांनी अख्खा नवा दिला. त्यांची बायको, माझी मोठी आई, कडाडली, "उद्या बाई नुसते काटे घेऊन येईल, तवा?"

स्वतः खरेदीला गेले की तेही सारं दुकानातच उघडून पाहतात. मला कॉलेजात घालताना त्यांनी प्राचार्यांना विचारलं होतं, "नापास झाला तं बदलून देता काय?"

पुढे मोठ्या आईला ऐकू येईनासं झालं. भंडाऱ्याहून कानाची मशीन आणली. ती आठ दिवसांत बंद पडली. मोठेबाबांनी मासोळीच्या सुरीने ती उघडली, आत पाहिलं आणि दुकानात नेली.

"खोलली काहून? वॉरंटी गेली!" दुकानदार म्हणाला.

"बापा, मेल्यावर खोलली. आतून पाहू नाई तं काय करू?"

तो बदलून देईना. मग ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. अर्ज मी लिहिला. सुनावणीत दुकानदाराला, मशीन उघडली तर वॉरंटी जाते ही अट विकताना सांगितल्याचं काही दाखवता आलं नाही. अध्यक्षांनी मोठेबाबांना विचारलं, "मानसिक त्रासाची भरपाई किती मागता?"

"त्रास तं लय झाला, साहेब. सहा महिने घरात बायकोशी एकटाच भांडून राहिलो. तिकडून उत्तरच नाई."

सगळे हसले. मोठेबाबा हसले नाहीत.

"भरपाई नोको. तिले आयकू आलं पायजे. घरात माह्याशी बोलाले दुसरं कोणी नाई."

मी त्यांच्या शेजारीच उभा होतो, नागपूरच्या नोकरीतून एका दिवसाची सुट्टी काढून आलेला.

आयोगाने नवी मशीन द्यायला लावली. ती मिळाल्याचं कळलं, त्या दिवशी मी पत्र लिहिलं:

तीर्थरूप मोठेबाबांस,
साष्टांग नमस्कार. मशीन चालते हे कळलं. तुम्ही शिकवलंत म्हणून मला तो अर्ज लिहिता आला. पण घरात तुम्ही दोघंच उरलात, हे मला आयोगात कळावं, याची लाज वाटते. आता दर रविवारी येईन. हे मोठ्या आईला वाचून दाखवाल तेव्हा ओरडू नका. जवळ बसून हळू वाचा. ती म्हणेल, "आयकू नाई आलं." मशीन बिघडलेली नसेल. पुन्हा वाचा.
तुमचा,
दिनेश