बागूल सरांचे वीस तास

बागूल सरांसमोर डबा उघडायची मला भीती वाटायची. झाकण निघालं की ते वाकून बघायचे, वास घ्यायचे आणि म्हणायचे, "मटकी परवा दुपारी भिजत घातलीत. बांधलीत रात्री. मोड बरे आलेत."

"सर, जेवू द्या ना."

वर्षभर रोज हेच. आणि रोज त्यांचं बरोबर असायचं, याचा जास्त कंटाळा यायचा.

नाशिकच्या आमच्या लॅबमध्ये सरांनी तीस वर्षं जंतू वाढवले. निवृत्त झाल्यावरही हेडसरांनी त्यांना वर्षावर्षाच्या कंत्राटावर ठेवून घेतलं होतं. मीही कंत्राटीच. इडलीचं पीठ, विरजण, पावावरची बुरशी, काहीही दाखवा, वाढ बघून ते सुरुवातीची वेळ सांगत. "जीव किती वेळात दुप्पट होतो ते ठाऊक असलं की मागे मोजत चला. सापडतं," हे त्यांचं पालुपद. एका सत्यनारायणाला त्यांनी सगळ्यांदेखत जाहीर केलं, की पंचामृतातलं दही तीन दिवसांचं आहे. त्या घरानं पुन्हा बोलावलं नाही. बाकीच्यांनीही हळूहळू सोडलंच.

आमचं काम म्हणजे आठ काचेच्या कुप्या. प्रत्येकीत दोन घोट पाणी, ढवळायला इवलीशी भिंगरी, हवेला बारीक नळी. मोठ्या टाकीत जे होणार ते आधी या छोट्यात बघायचं. आत चांदवडच्या सडक्या कांद्याच्या ढिगातून आणलेले जंतू. कांदा कारखान्याचं घाण पाणी ते किती वेगानं साफ करतात, हे मोजायचं. ठरल्या वेळी थेंबभर काढा, खाद्य घाला, वहीत लिहा. माझ्या केसांना, ओढणीला, गाडीच्या सीटलासुद्धा कांद्याचा वास. सर मात्र सकाळी आल्या आल्या कुपीला डोळा लावून आपल्या सटाण्याच्या बोलीत विचारायचे, "काय शे, भाऊ?" आणि थांबायचे. उत्तर येईल असं त्यांना खरंच वाटत असावं.

एकदा कारखान्याची माणसं निकाल बघायला येणार होती. सहा दिवसांचा प्रयोग लावला होता. शनिवार संध्याकाळची पाळी सरांची, रविवार दुपारची माझी. माझी आई तेव्हा पंचवटीतल्या दवाखान्यात होती. तिच्या उशाशी खुर्चीत बसून बसून मी अर्धमेली झाले होते. रविवारी तीनला आले, खाद्य घातलं आणि निघाले. जिना उतरताना आठवलं, बाहेरचे जंतू मारायला खाद्याच्या बाटलीचं तोंड ज्योतीवर धरायचं असतं, ते धरलंच नाही. परत वर जायला पाय उचलेनात. एवढ्यानं काय होतंय, म्हटलं.

सोमवारी सकाळी आठही कुप्या दुधासारख्या गढूळ. भलताच जंतू शिरला होता, तोही खाद्याच्या बाटलीतून, हे उघड होतं. हेडसर आवाज न चढवता म्हणाले, ज्याची चूक त्याचं कंत्राट आता वाढणार नाही. मग वळले. "बागूल, तुम्हीच सांगा. कधी शिरला?"

सरांनी सूक्ष्मदर्शकातून बघितलं, मोजलं, वही ओढली. पेन्सिल एकेक तास मागे सरकत होती. आमच्या घरात पगार माझा एकटीचा. मी नुसती त्या पेन्सिलीकडे बघत राहिले. ती एके ठिकाणी थांबली. सरांनी मान वर केली नाही.

"शनिवारी संध्याकाळी सात," ते म्हणाले. "माझीच पाळी. वय झालं आता."

त्यांचं गणित कधी चुकलं नव्हतं, त्यामुळे कुणी पुन्हा मोजलं नाही.

मी मोजलं. दुपारी कागद घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले. "सर, रविवार येतो. तीन वाजता."

त्यांनी कागद नीट वाचला. "रुळायचा वेळ धरला नाहीत तुम्ही. नव्या जागी पडलेला जीव लगेच वाढायला लागत नाही."

"म्हणून वीस तास? या जंतूला तासभर पुरतो सर. पहिल्या वर्षाच्या मुलांनाही माहीत आहे."

"लागतात एखाद्याला." ते चष्मा पुसत राहिले. "ही गेल्यावर मला घरात एकट्यापुरता चहा ठेवायला दोन वर्षं लागली. तोवर सुट्टीच्या दिवशीही इथंच यायचो."

"मग आता कुठं जाल?"

"बघू. आई कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. उद्या सोडतील म्हणतात."

"मग झालं तर."

त्यांनी माझ्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'रुळण्याचा काळ : वीस तास', खाली सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. गणित तपासणाऱ्याचीही सही लागते, आणि तपासलं होतं मीच. मला त्यांच्याबद्दल इतकं वाईट वाटलं, की तिथंच रडू आलं. हेडसरांच्या खोलीचं दार समोर उघडं होतं. दहा पावलांवर. मला नोकरी हवी होती. मी सही केली.