गॅसचे सासर, विजेचे माहेर

कुडपणच्या हैबतीची आवडी आणि बिरवाडीच्या महिपतचा मुलगा यांचे लग्न ठरले होते. ते विजेवरून मोडले. दोन्ही गावांत वीज नव्हती, गॅसही नव्हता, तरी मोडले.

हैबती मुंबईला एका साहेबाच्या बंगल्यावर माळी होता. तिथली विजेची शेगडी त्याने खिडकीतून पाहिली होती. महिपत गॅसच्या नळांसाठी रस्ते खणत असे. शेगडी त्याने पाहिली नव्हती, पण नळ फार जवळून पाहिला होता. सुपारी फोडायच्या बैठकीत हे दोन अधिकारी पुरुष समोरासमोर आले.

"विजेला जाळ नाय, धूर नाय. तार नुसती लाल होते," हैबती म्हणाला.

"लाल होईस्तोवर पोरं उपाशी निजतील! गॅसची कळ फिरवली की निळा जाळ. बंद केली की गप."

"आन् गळला की घरासकट गप!"

महिपत उठला. विजेच्या घरची सून आपल्याला चालणार नाही, असे त्याने जाहीर केले. आत चुलीपुढे बसलेल्या तुळजाबाईच्या, आवडीच्या आईच्या, डोळ्यांत पाणी आले. ते धुराचेच असणार, म्हणून कुणी पाहिले नाही.

मग कुडपणच्या गावकीने ठराव केला, की गाव तत्त्वतः विजेचे आहे. बिरवाडीने तत्त्वतः गॅस स्वीकारला. चुलीचा धूर तत्त्वाला शोभत नसल्याने कुडपणच्या बायका दारे लावून रांधू लागल्या. खोकला वाढला. सुधारणेत खोकला येतोच, असे हैबतीने समजावले.

आवडीने अन्न सोडले, तेव्हा तुळजाबाई महाडला भावाकडे, सोनबाकडे गेली आणि तिथे दोन्ही व्याह्यांना जेवायला बोलावले. पडवीत महिपतला हळूच म्हणाली, "व्याहीबुवा, सोनबानं गॅस घेतलाय. पण यांच्या म्होरं बोलू नका, राग येईल." नवऱ्याला म्हणाली, "वीज हाय. व्याह्यांना कळू देऊ नका." महाड तालुक्याचे गाव असल्याने तिथे काहीही असू शकते, याबद्दल दोघांचे एकमत होते.

बंद दाराआड तिने चुलीवर भाकऱ्या भाजल्या.

"चवच निराळी!" महिपत म्हणाला.

"कळलं ना आता?" हैबती हसला.

"मला कधीचं कळलंय. तुम्हालाच उशीर झाला!"

दोघेही जिंकले. सुपारी तिथेच फुटली.

आवडी आता बिरवाडीत नांदते. तिच्या चुलीला गावकीने 'तात्पुरता गॅस' असा दर्जा दिला आहे.

वाचता वाचता तुम्हीही मनात एक बाजू घेतलीच असेल. खुशाल घ्या. पान वाढले आहे. ते कुणी रांधले, हे विचारायची आपल्यात पद्धत नाही.