जड लॅपटॉप आणि उजवा कौल

रुक्मिणी जाऊन चौदा महिने झाले होते, पण ती बोलायची थांबली ती एका मंगळवारी सकाळी आठ वाजता.

हरिश्चंद्र केळुसकर रोजच्यासारखे पडवीतल्या टेबलाशी बसले होते. समोर पाण्याचं भांडं, तळहातावर रक्तदाबाची गोळी आणि टेबलावर तो जाडा काळा लॅपटॉप. आठ वाजले की लॅपटॉपमधून रुक्मिणी म्हणायची, "ओ, आयकलात? गोळी घेतलात? चाय मगे. आदी गोळी." मग हरिश्चंद्र "घेतंय गो" म्हणायचे आणि गोळी घ्यायचे. त्या दिवशी आठ वाजले, सव्वाआठ झाले. लॅपटॉपच्या पडद्यावर एक गोल नुसता फिरत राहिला. हरिश्चंद्रांनी गोळी परत डबीत ठेवली. विचारल्याशिवाय घ्यायची सवय त्यांना नव्हती.

वायरी गावातल्या त्यांच्या घरात दोन खोल्या पाहुण्यांसाठी होत्या आणि पाहुण्यांची नोंद ठेवायला हा लॅपटॉप होता. तीन वर्षांपूर्वी कॉम्प्युटरच्या कामातला एक पाहुणा चार दिवस राहिला, रुक्मिणीच्या हातचं तिसऱ्या शिंपल्यांचं सुकं खाऊन खूश झाला आणि जाताना तिचाच आवाज भरून ही आठ वाजताची सोय करून देऊन गेला. हरिश्चंद्र त्या दिवशी पेन्शनच्या कामाला ओरोसला गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप बायकोच्या आवाजात ओरडला तेव्हा ते म्हणाले होते, "एक होती ती कमी होती काय?"

आता त्या आवाजासाठी ते रोज पावणेआठपासून टेबलाशी बसतात, हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या माणसाने असलं काय सांगायचं?

बुधवारी ते लॅपटॉप पिशवीत घालून भरडावरच्या धनेशच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेले. धनेशने झाकण उघडलं, दोन बटणं दाबली आणि डॉक्टरसारखा चेहरा केला.

"काका, मशीन बरा आसा. सिस्टीम म्हातारी झाली. कंपनीन कधीच हात वर केल्यान."

"मगे?"

"दोन रस्ते. एक तर नवीन पातळ लॅपटॉप घेवा. नायतर ह्येच्यात दुसरी सिस्टीम घालूया. फुकट आसा, हलकी आसा, जुन्या मशीनार धावता."

"फुकट? म्हणजे तेच्यात कायतरी खोट आसतली."

"खोट नाय ओ काका. आदी फक्त आतला सगळा पुसूचा लागता."

हरिश्चंद्रांनी लॅपटॉप परत पिशवीत घातला. "इचार करून सांगतंय," ते म्हणाले.

संध्याकाळी मुलगी दीपिकाचा पुण्याहून फोन आला. लॅपटॉप बिघडल्याचं त्यांच्या तोंडून निघून गेलं आणि शुक्रवारी घरी खोका आला. आत कागदाच्या वहीएवढा लॅपटॉप होता. पाठोपाठ तिचा फोन.

"बाबा, एक किलोसुद्धा नाही. एका हाताने उचलाल."

"माका उचलून खंय जावचा आसा?"

"आणि याची सिस्टीमच वेगळी आहे. कधी अडकत नाही."

"जुन्यातला ह्येच्यात येतला?"

"काय आहे जुन्यात? पाहुण्यांची नावंच ना?"

"व्हय," हरिश्चंद्र म्हणाले. "नावाच."

ते नवा लॅपटॉप आणि जुना असे दोन्ही घेऊन शेजारच्या मुस्तफाकडे गेले. मुस्तफा मासे विकायचा आणि त्याच्या ओट्यावर इलेक्ट्रिक काटा होता. एक किलोसुद्धा नाही असं दीपिका म्हणाली होती आणि हरिश्चंद्रांना सामानाच्या वजनाबाबत कोणाच्या शब्दावर विसंबण्याची सवय नव्हती. मुस्तफाने काट्यावरचं पाणी पुसलं आणि लॅपटॉप ठेवला.

"नवशे ऐंशी. ह्या वजनात आठ बांगडे येतत, हरीभाऊ."

"आता ह्यो ठेव."

"दोन किलो सातशे." मुस्तफाने जुन्यावर हात ठेवला आणि काढला नाही. "ह्योच ठेवा तुमी."

"ह्यो? ह्यो बंद पडलोसा."

"दुरुस्त करा. जड बरो. हलको काय, चोर खिशात घालून जाईत. वाऱ्यान उडात. ह्येका बघा, काय वजन आसा!"

मुस्तफाची बायको वजीरा दारातून म्हणाली, "भाऊजी, ह्ये सांगतत ता आयका." मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं. जडपणाची एवढी तारीफ मुस्तफा सुरमईचीसुद्धा करत नसे. हरिश्चंद्रांना ते जरा विचित्र वाटलं. दोन्ही लॅपटॉपांना माशाचा वास लागला होता, म्हणून ते पुसायला हरिश्चंद्र घरी गेले.

शनिवार, रविवार त्यांनी दोन्ही लॅपटॉप टेबलावर शेजारी ठेवले. हलका चालत होता, पण बोलत नव्हता. जड बोलणारा होता, पण चालत नव्हता. सोमवारी ते उठले आणि देवळात कौल लावायला गेले. घराची जागा, दीपिकाचं लग्न, खोल्यांचं बांधकाम, सगळं विचारून झालं होतं. हेही विचारायचं.

शिवा गुरवाने पाषाणावर फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या आणि विचारलं, "काय इचारूचा?"

"हलको घेऊ की जड ठेवू?"

"तसा चलना नाय. देवाक एकच इचारूचा. व्हय काय नाय."

हरिश्चंद्रांनी विचार केला. देवळात आणखी दोन माणसं होती. त्यांच्यासमोर बायकोच्या आवाजाचं नाव काढणं त्यांना जमेना. ते म्हणाले, "जुन्यात नवीन सिस्टीम घातली तर तो चलात काय, इतक्याच."

शिवाने हात जोडले. "देवा म्हाराजा, ह्यो तुझो लेकरू हरिश्चंद्र आज तुझ्या पायाकडे इलोसा. तेच्या जुन्या पेटयेत नवीन... काय ती?"

"सिस्टीम."

"...सिस्टीम घातली तर ती पेटी चलतली काय? चलणार असात तर उजवो दी, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," तिघेही म्हणाले. उजवी पाकळी टपकन पडली. शिवाने वर पाहिलं. "देव इतक्या लवकर कधी देना नाय. जा, घाल बिनधास्त."

मंगळवारी हरिश्चंद्र धनेशसमोर लॅपटॉप ठेवून म्हणाले, "घाल."

"काका, परत सांगतंय, सगळा पुसान जातला. आतला काय ठेवचा आसा?"

"पाहुण्यांचा रजिस्टर."

"ता पेन ड्राइव्हार घेतंय. आणि?"

दुकानात एक बाई झेरॉक्ससाठी उभी होती. हरिश्चंद्रांनी तिच्याकडे बघितलं, मग धनेशकडे. देवाने उजवा दिला होता, म्हणजे आवाजही राहणारच.

"आणि काय नाय," ते म्हणाले.

संध्याकाळी जुना लॅपटॉप घरी आला. दहा सेकंदांत सुरू झाला. रजिस्टर जागच्या जागी होतं. बुधवारी सकाळी हरिश्चंद्र पावणेआठला बसले. पाणी भरलं, गोळी हातावर घेतली. आठ वाजले. लॅपटॉप उत्तम चालत होता. पडद्यावर निळ्या रंगाचा डोंगर होता. पण रुक्मिणी बोलली नाही.

त्यांनी धनेशला फोन केला. आवाजाचं सगळं सांगितलं.

"काका, कित्याक नाय सांगलात ओ? दोन मिनटाचा काम होता."

चूक कोणाची ते हरिश्चंद्रांना लगेच कळलं. धनेशने दोनदा विचारलं होतं. देवाला विचारलं तेवढंच देवाने सांगितलं होतं, आणि तेही खरं ठरलं होतं. पेटी चालत होती.

साडेआठला मुस्तफा पायऱ्या चढून आला. मागे वजीरा.

"हरीभाऊ, माफ करा, पण आता सांगतंय. आज नव दिवस झाले, वैनी बोलाक नाय. मी आठाक वैनीचो आवाज आयकून जेटीर जातंय. नव दिवस लिलावाक उशीर झालो."

"तुका आवाज येय?"

"माका? मागच्या आळयेत येय! समोरचो गुरुदास मास्तर तेवाच आंघोळीक जाता. पयला आमका वाटला, तुमका सोसना नाय म्हणान तुमीच बंद केलास. मगे बंद पडलो ता समाजला, म्हणान तर त्या दिवशी जडाची वकिली केलय."

चौदा महिने जपलेली गोष्ट अख्ख्या आळीला घड्याळासारखी उपयोगी पडत होती. वजीराने टेबलावरची डबी उचलून आतलं पाकीट बघितलं.

"भाऊजी, ह्या पाकिटातल्या गोळये खंय घेतलात? सगळे तशेच आसत."

"तिना इचारूक नाय."

"अल्ला!" वजीरा खुर्चीवर बसली. "नव दिवस?"

"पुसान टाकलय मी तिका," हरिश्चंद्र म्हणाले. "धनेशान इचारल्यान, आणि मी सांगलय, काय नाय."

वजीराने पदराच्या गाठीतून फोन काढला. "तुमच्या लॅपटॉपाचो माइक कधी चलत होतो? वैनी माझ्या फोनार बोलली. त्या पाहुण्यान हयसून तकडे घातल्यान. माझ्या फोनातला कोण पुसता? अकरा येळा बोलली ती. तुमका गेलो तो शेवटचो. पयले धा बिघडलेले आसत."

"धा?"

"बघा."

पहिल्यात रुक्मिणी म्हणाली, "चालू झाला? खंय बघान बोलू?" आणि मागून वजीरा, "फोनाकडे बघ गो, आभाळात कित्याक बघतस?" तिसऱ्यात ती एकदम ओरडली, "गे बाय, सोलकढीर झाकण घाल, मांजर इला!" पाचव्यात ती एवढ्या गोड आवाजात बोलली की हरिश्चंद्रांनी तो ओळखलाच नाही, आणि वजीरा म्हणाली, "ह्या आवाजात सांगलंस तर तो घाबरान मरात." सातव्यात आणि आठव्यात दोघी नुसत्या हसत होत्या. मुस्तफा खाली बघून हसला. मग उठून समुद्राकडे तोंड करून उभा राहिला.

दहाव्यात रुक्मिणी सगळं नीट बोलली आणि शेवटी तिला वाटलं, फोन बंद झाला. "वजीरा, तेका गोळयेची याद आसता गो," ती म्हणाली. "मी सांगीपर्यंत मुद्दाम थांबता. माका पण सांगूक बरा वाटता. तेका सांगा नको हां."

"पुन्ना लाव," हरिश्चंद्र म्हणाले.

वजीराने पुन्हा लावलं. नंतर पहिल्यापासून लावलं. गुरुदास मास्तर खांद्यावर टॉवेल टाकून कुंपणाशी येऊन उभे राहिले आणि आंघोळीला न जाता ऐकत राहिले. मुस्तफाचा लिलाव त्या दिवशी पुरताच चुकला. अकराही रेकॉर्डिंग दोनदा ऐकून झाली तेव्हा पावणेदहा वाजले होते.

हरिश्चंद्रांच्या हातावर गोळी तशीच होती. ऐकण्याच्या नादात ती घ्यायची अजून राहिली होती.