बिनवायरीचे इअरफोन आणि बिरोबाचा भोंगा

कानात घालायचे इअरफोन मी स्वतः निवडायचं ठरवलं. माझी चूक एवढीच. पुढचं सगळं इअरफोननी केलं.

आमची वस्ती अणदूरच्या शिवारात. बावीस घरं, माणसांच्या दहापट मेंढरं आणि एक बिरोबा. जत्रेत ओव्या म्हणायचा मान दोघांचा. एक मी, गोरोबा. दुसरा बलभीम, माझा मेव्हणा. (मी निवडलेला नाही. बायकोबरोबर आला.)

मागच्या जत्रेत आम्ही दोघांनी एकाच वेळी माईक धरला. मी सोडला नाही. त्यानंही सोडला नाही. दोघं दोन वेगळ्या ओव्या म्हणत राहिलो. जनरेटरचं डिझेल संपलं तेव्हा कुठं देवाची सुटका झाली.

म्हणून यंदा कमिटीनं ठराव केला. कमिटीचा अध्यक्ष सिद्धाराम पारावर उभा राहून म्हणाला, "दोघंबी आपापल्या घरी गावा. फोनात भरून गुरुवारपतुर पाठवा. सगळ्यास्नी जी आवडंल ती तिन्ही दिवस भोंग्यावर लागंल. दुसऱ्यानं परसाद खावा अन् गप बसावं."

चाळीस वर्षांचा मान आणि मुदत गुरुवारपर्यंत.

माझी सून दैवशाला अंगणवाडीत शिकवते. पोरांची बडबडगीतं फोनात भरते, त्यामुळे तिला यातलं कळतं. ती म्हणाली, "मामा, माझं वायरवालं घ्या. भरायला त्येच बरं. बिनवायरीचं आपलं रोज गानी ऐकायला ठीक हाय."

मी म्हणालो, "सुनंच्या कानातलं सासरा कानात घालत नसतो."

(असा काही रिवाज नाही. मी तिथल्या तिथं केला.)

दुसऱ्या दिवशी एसटीनं नळदुर्ग गाठलं. तिथं शिवशंकर नावाच्या माणसाचं मोबाइलचं दुकान आहे. त्यानं दोन डब्या पुढं ठेवल्या. एकीत वायरचे, एकीत बिनवायरीचे. बिनवायरीचे म्हणजे वालाच्या दोन दाण्यांएवढे, काळे कुळकुळीत.

"काय कामाला पायजे काका? ऐकायला का भरायला?"

"ओव्या म्हनायला."

शिवशंकरनं डोकं खाजवलं. मग माझ्या फोनात दोन वर्षांपूर्वीच्या जत्रेतली माझी ओवी होती ती लावली आणि वायरचे इअरफोन माझ्या कानात घातले.

मी ऐकलं. कुणी म्हातारा गात होता. आवाज थरथरत होता. दोन शब्दांच्या मधे धाप लागत होती. तोंडात सुपारी होती, ती दाताखाली फुटलेलीही ऐकू आली.

"खराब हाय हे," मी म्हणालो.

"खराब न्हाय काका. हे खरं ऐकवतं. भरायला असलंच लागतं. कुठं चुकलं, कुठं श्वास तुटला, समदं कळतं."

"दुसरं दे."

बिनवायरीचे कानात बसले. आणि मी दुकानातच ताठ झालो. काय तो आवाज! विहिरीच्या तळातून वर आल्यासारखा. छातीत ढोल वाजत होता. थरथर नाही, धाप नाही, सुपारी तर नाहीच. माझा आवाज असा आहे हे मला साठ वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

समोर शिवशंकरचे ओठ हलत होते. तो कानाला बोट लावून काहीतरी दाखवत होता, एक बोट, दोन बोटं. मी मान डोलावत होतो. ओवी संपेपर्यंत त्याचं सांगून संपलं.

"कळलं न्हवं काका?"

"कळलं," मी म्हणालो. (दुकानदाराला परत सांग म्हणायचं म्हणजे आपण अडाणी ठरतो.)

घरी आल्यावर दैवशालानं डबी उघडून पाहिली. परत बंद केली. सासऱ्यासमोर सून बोलत नाही तेव्हा तिचं बरंच बोलून झालेलं असतं.

बुधवारी सकाळी तिनं फोनात भरायचं यंत्र लावून दिलं. "मामा, ह्यो लाल गोल दाबला की सुरू. झाल्यावर परत दाबा. मदी कशालाच हात लावू नका."

"मला शिकवू नको."

ती अंगणवाडीला गेली. घरात माझी बायको हरणाबाई मिक्सरवर शेंगदाणे फिरवत होती. म्हणून मी मेंढरांच्या वाड्याशेजारी चिंचेखाली बसलो. फोन खिशात, काळे दाणे कानात. लाल गोल दाबला. खाकरलो. देवाचं नाव घेतलं. उजवा हात कानावर ठेवला आणि ओवी उचलली.

आता हे सांगायला हवं. ओवी म्हणणारा माणूस कानावर हात ठेवतो. माझा बाप ठेवायचा. त्याचा बाप ठेवायचा. हात ठेवल्याशिवाय माझा आवाज वर चढत नाही. तसा गायलो तर मेंढरंसुद्धा ओळखत नाहीत.

हात ठेवला तसं कानात वाजलं, "टुंग."

मला बरं वाटलं. यंत्रानं गाण्याआधीच दाद दिली.

पहिली ओवी अशी झाली की चिंचेवरच्या साळुंक्या गप्प बसल्या. हात खाली घेतला. दाणा कानातून सरकला होता, तो बोटानं आत दाबला. "टुंग." पुन्हा दाद. दुसऱ्या ओवीला हात कानावर, "टुंग." ओवी संपली, दाणा आत दाबला, "टुंग." आधी एक, नंतर एक. माणसांची कमिटी असं कधी करत नाही.

मधे मधे मी जरा दम घेत होतो. म्हातारपणी घ्यावा लागतो. तेवढ्यात मेंढरं पाण्याच्या डोणीवर आली, तर त्यांना दोन शब्द बोललो. एकदा हरणाबाई चहा घेऊन आली.

"कुनाशी बोलताय ओ?"

"भरायलोय. दिसंना का?"

"मग बोलताय कशाला? गावा की!"

"तू गेलीस की गातो. तुझ्या भावासारखं मला बाईमानसाम्होरं रडता येत न्हाय."

"माझ्या भावाचं नाव काढू नका. चहा प्या."

ती गेली. मी सात ओव्या म्हणालो. सातवी देवाच्या लग्नाची. ती झाल्यावर डोळ्यांत पाणी आलं. (स्वतःच्याच गाण्यानं. पण आलं.)

दुपारी दैवशाला परतली. "मामा, पाठवायच्या आदी येकदा ऐकू का?"

"म्या गायलो. काय गायलो ते मला ठावं हाय. पाठव."

"लई लहान दिसायलंय ओ. सात ओव्या म्हनता अन् अकराच मिन्टं?"

"चांगलं थोडंच असतं. पाठव म्हनलं ना!"

तिनं पाठवलं.

शुक्रवारी सकाळी सगळी वस्ती देवळापुढं जमली. सिद्धारामनं मोठा स्पीकर आणला होता. आधी बलभीमाची ओवी लागली. वाईट नव्हती. बाया माना डोलवत होत्या. हरणाबाई तर जास्तच. बलभीम खाली मान घालून बसला होता, नम्र माणसासारखा. (ते त्याला चांगलं जमतं.)

मग सिद्धाराम म्हणाला, "आता गोरोबा आबा."

मी फेटा नीट केला.

स्पीकरमधून खाकरण्याचा आवाज आला. लांबलचक. मग माझा आवाज, "बिरोबा देवा, सुरू करतो." मग "टुंग." आणि लगेच पुन्हा माझा आवाज, "झालं. लई बेस झालं. असं बलभीमाला सात जन्मात जमायचं न्हाय."

लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. सिद्धाराम फोनकडं बघायला लागला.

"ओवी कुठं गेली?" कुणीतरी विचारलं.

"येती, येती," मी म्हणालो. "दमानं घ्या."

आली नाही. "टुंग" झालं आणि स्पीकर गरजला, "ए, मागं सर! एकदा सांगून कळत न्हाय व्हय? ढुशा मारू नको! एकामागं एक चला, पानी सगळ्यास्नी हाय!" पुढं बसलेली चार माणसं खरोखर मागं सरली.

पुन्हा "टुंग". मग चहाचा प्रसंग सगळा, हरणाबाईसकट. भावाच्या रडण्याचं वाक्य आलं तेव्हा तिनं माझ्याकडं पाहिलं. मी देवाकडं पाहिलं.

दैवशाला मागून हळूच आली. माझ्या खिशातून काळा दाणा काढून हातावर ठेवला आणि कानाशी पुटपुटली, "मामा, ह्याला येगळं बटन नसतं. ह्यो समदाच बटन हाय. हात लागला की बंद, परत लागला की चालू. तुमी गाताना कानाव हात ठिवला आसंल."

"मग काय पायाव ठिवू?"

म्हणजे मी गात होतो तेव्हा यंत्र बंद होतं. बोलत होतो तेव्हा चालू. सात ओव्या चिंचेनं ऐकल्या, दुसऱ्या कुणी नाही. आणि माझ्या मनात एक गोष्ट चमकली. सातव्या ओवीनंतर मी काय बोललो होतो, ते आठवलं.

"बंद करा," मी उठून म्हणालो. "बास झालं. म्या हरलो."

चाळीस वर्षांत हा शब्द माझ्या तोंडून निघाला नव्हता. लोक तोंड उघडं टाकून बघत राहिले आणि त्या गडबडीत कुणीच बंद केलं नाही.

"टुंग." स्पीकरमधून नाक ओढल्याचा आवाज आला. मग माझा आवाज, पण हळू. "खरं बोलावं तर लग्नाची ओवी बलभीमाचीच. शेवटाला तो जसा आवाज सोडून देतो, तसं मला जमत न्हाय. चाळीस वरसं झाली, चोरून शिकतोय. न्हाय जमत."

सिद्धारामनं आता कुठं फोन बंद केला.

बलभीम उठला. मला वाटलं, आता हा हसणार. हसला असता तर बरं झालं असतं. तो माझ्यापुढं आला, वाकून पाया पडला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "दाजी, चोरून कशाला? सोमवारी या. शिकवतो."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं. मी ते ऊन लागल्याचं सांगितलं. देवळाला पत्र्याची सावली आहे.

भोंग्यावर बलभीमाची ओवी लावायचं ठरलं. मी प्रसाद खाऊन गप्प बसणार होतो, ठरावाप्रमाणं. पण जत्रेच्या पहिल्या दिवशी सकाळीच सिद्धाराम घरी आला. चेहरा ओशाळलेला.

"आबा, एक विचारायचं हुतं. तुमचं बी लावलं तर चालंल का?"

"माझी ओवी कुठं हाय लावायला?"

"ओवी न्हाय. त्ये दुसरं. रांग ऐकंना झालीया. पोरांनी चारदा सांगितलं, कुनी हलंना. मगाशी चुकून तुमचं लागलं तर समदी रांग सरळ झाली."

मी विचार केला. मान तो मान. "लाव," म्हणालो.

दुपारी मी आणि हरणाबाई दर्शनाला गेलो. कमिटीनं बोलावलं तरी मी रांग मोडणारा माणूस नाही. उन्हात उभा राहिलो. भोंग्यावर बलभीमाची ओवी चालली होती आणि ती संपली की माझा आवाज यायचा. "मागं सर! ढुशा मारू नको! एकामागं एक चला!" आणि तुळजापूरपासून सोलापूरपर्यंतची माणसं निमूट एकामागं एक चालायची. हरणाबाईकडं बघून मी मिशीवरून हात फिरवला.

तेवढ्यात भोंगा म्हणाला, "आरं, त्या म्हाताऱ्याला पुढं येऊ द्या की! दात पडल्यात त्याचे, पाय बी धड न्हाईत. कवाधरनं उभा हाय बिचारा!"

ते मी आमच्या कळपातल्या जुन्या एडक्याबद्दल बोललो होतो. डोणीपाशी त्याला कुणी येऊ देत नव्हतं.

सगळी रांग वळली. म्हातारा शोधू लागली. दीडशे डोळे फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबले. एका परक्या बाईनं हळहळून "या बाबा" म्हणत माझा दंड धरला, पुढच्यानं दुसरा धरला, आणि हातोहात करत त्यांनी मला थेट देवापुढं नेऊन उभं केलं.

मी निमूट हात जोडले. हुकूम माझाच होता.