साळवेकाकांचा गोल

गेल्या मंगळवारी, सकाळच्या पाळीत, चहाची गाडी यायच्या आत भानुदास साळवे यांना कारखान्याच्या फाटकाबाहेर काढलं. आरोप काय, तर ‘कंपनीच्या मालावर गोल काढले.’

काढले. रोज काढायचे.

साळवेकाका पॉलिएस्टर फिल्मच्या लाइनवर ऑपरेटर. मी त्यांच्या हाताखाली, आणि राहायला हर्सूलला त्यांच्याच गल्लीत. लाइन सुरू होताना पहिला माल भंगारातच जातो. त्या जाड, न ताणलेल्या शीटवर काका बाटलीचं झाकण ठेवून मार्करनं गोल काढायचे. पुढं यंत्र ती शीट आधी लांबीत ओढतं, मग रुंदीत. झाकणाएवढा गोल बशीएवढा होऊन आला की काका खूष. लांबट आला की ओरडायचे, “अंडं आलं!”

हे खूळ घरापर्यंत आलेलं. माझ्या वहिनीच्या चपातीकडं बघून म्हणायचे, “अंडं आलं, वहिनी. आडवं ओढा जरा.”

“गोलच पाहिजे तर ताट चाटा, भाऊजी. ते गोल आहे.”

एकदा मी विचारलं, अंड्यानं काय बिघडतं? त्यांनी वहिनीचा तवाच मागवला. न ताणलेला तुकडा त्यावर दुधासारखा पांढरा झाला आणि बोटानं कट्‌कन मोडला. ताणलेला काचेसारखा राहिला.

“आतमधी रेणूंच्या साखळ्यांचा गुंता असतो. नुसतं तापवलं की गुंत्यातच साखरेवानी मोठाले खडे धरतात. मग पांढरं, ठिसूळ. आधी ओढलं की साखळ्या रांगेत येत्यात. मग तापवलं की खडे झटक्यात धरतात, पन लई बारीक, नजरंला दिसत नाय. अन् एकाच अंगानं जास्त ओढलं, तर त्या रांगेनं टरकन फाटतं. समजलं का?”

मला समजलं. नव्या साहेबांना नाही. माल जास्त निघावा म्हणून त्यांनी लांबीची ओढ वाढवली. काका रोज तुकडा घेऊन केबिनमध्ये. “साहेब, अंडं.”

“साळवे, तुम्ही पोल्ट्री काढा.”

सगळी पाळी हसली. मीही हसलो, हे लिहून ठेवतो.

मग गिऱ्हाइकाकडं फिल्म उभी फाटली. माल परत आला. साहेबांनी कारण शोधलं: साळवेंची शाई. भंगारावरची शाई!

शनिवारी चौकशी आहे, तोवर काका निलंबित. काकांचे सगळे तुकडे साहेबांनी ठेवून घेतलेत. परवा मी त्यांच्या घरी गेलो, तर खिडकीत एक दिसला. गोलात नाव होतं, ‘सुमन’. काकूंचं. त्या जाऊन दोन वर्षं झाली. मोठेपणी सही करायला शिकल्या, तेव्हा काकांनी कच्चा तुकडा पुढं केला. त्यांनी लाजून हरभऱ्याएवढी अक्षरं काढली. काकांनी ती तपासणीच्या छोट्या यंत्रात दोन्हीकडून सारखी ओढली. अक्षरं जांभळाएवढी झाली, गोल गोलच राहिला.

“‘एवढं मोठं नाव माझं?’ म्हणली,” काका म्हणाले.

“काका, गोल कसा यायला पाहिजे ते दाखवायला हाच नेऊ.”

“नाय.”

“नोकरी जाईल.”

“जमा करून घेतील, बाबा. परत द्यायचे नाय.”

त्यांना मी पुन्हा विचारणार नाही. तुम्हाला विचारतो, पहिल्या पाळीतल्यांनो. भंगारातली ती फिल्म आपण हसत हसत घरी नेली, पोरांच्या वह्यांना कव्हरं घातली. त्यावर काकांच्या गोलांची झालेली अंडी आहेत. आज काढा ती कव्हरं. शनिवारी दहा वाजता फाटकावर घेऊन या.