किटलीची संमती

मोकाट यंत्र ही समाजाची डोकेदुखी असते. पूर्वी कुठलंही यंत्र उठायचं आणि सापडेल त्या कंपनीचं इंटरनेट वापरायचं. (त्याने काम व्हायचं, ही गोष्ट वेगळी.) या अनाचाराला आळा घालण्यासाठी आमच्या खात्याने डिजिटल प्रमाणपत्र आणलं. यंत्राने कोणत्या कंपनीच्या इंटरनेटला जोडून घ्यायचं ते त्यात ठरलेलं असतं. इतर कंपन्यांकडे ते ढुंकूनही पाहत नाही. खात्याच्या पाहणीनुसार शंभरातली ब्याण्णव यंत्रं समाधानी आहेत. उरलेल्या आठांशी संपर्क होऊ शकला नाही.

या खात्यात मी पडताळणी अधिकारी आहे, हे सांगताना ऊर भरून येतो.

अपवाद एकच. चाचणीच्या वेळी दुसरं यंत्र हाताशी नव्हतं, म्हणून कचेरीतल्या चहाच्या किटलीला (पाणी उकळलं की ती फोनवर कळवते) आम्ही ‘सर्व कंपन्या मान्य’ असं प्रमाणपत्र देऊन बसलो. ते रद्द करायला नियमाने किटलीची संमती लागते. ती अजून विचार करते आहे.

आमच्या भाऊजींच्या छातीला ठोके मोजणारा पट्टा असतो. ठोके बिघडले की इस्पितळाला कळतं आणि गाडी येते. मागच्या आठवड्यात त्यांच्या कंपनीचं इंटरनेट बंद पडलं. शेजाऱ्यांच्या कंपनीचं ठणठणीत होतं, पण पट्टा इमानी. ताईचा फोन आला.

"अरे, यांच्या पट्ट्याचा लाल दिवा लागलाय. इस्पितळात काही पोचत नाहीये. तुझंच खातं ना हे?"

"कंपनी बदलायचा अर्ज करावा लागेल, ताई. पट्ट्यानेच करायचा असतो. इंटरनेटवरून."

"यांना काही झालं ना, तर मला तोंड दाखवू नकोस!"

नियम मोडणं माझ्या रक्तात नाही. म्हणून मी फक्त किटलीच्या प्रमाणपत्राची नक्कल ताईच्या फोनवरून पट्ट्यात भरली. हिरवा दिवा लागला. ताई फोनवरच रडली.

दोन दिवसांनी जिना चढताना भाऊजींचे ठोके खरंच बिघडले. इस्पितळाने तत्परतेने गाडी पाठवली, प्रमाणपत्रावरच्या पत्त्यावर, म्हणजे आमच्या कचेरीत. स्ट्रेचरवरून किटली गेली. ताई भाऊजींना टॅक्सीत घालून पोचली, तेव्हा खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "या ठोक्यांचा पेशंट आत दाखल आहे. हे कोण?"

"हे माझे यजमान आहेत! व्हा बाजूला!" ताईने दार ढकललं आणि भाऊजींना किटलीशेजारच्या खाटेवर झोपवलं. भाऊजी वाचले. किटलीचीही प्रकृती स्थिर आहे.

चौकशीअंती खात्याने निष्कर्ष काढला: घोळ यंत्रांमुळे झाला नाही, भाऊजींपाशी स्वतःचं प्रमाणपत्र नव्हतं म्हणून झाला. तेव्हा यापुढे माणसांनाही प्रमाणपत्र मिळेल. तुम्ही कोणत्या कंपनीचे, कोणत्या इस्पितळाचे, ते खातं ठरवेल. तुमच्या संमतीसाठी अडून राहावं लागलं नाही. ती तुम्ही परवाच दिलीत, फोनवर, एक ओळही न वाचता ‘मान्य आहे’वर बोट ठेवून.

किटलीने निदान विचार करायला वेळ घेतला होता.