पाद्रीबुवांच्या बायकोची माफी

आज काय वार आहे, हे आमच्या शेजारच्या वर्तककाकांना कधीच ठाऊक नसतं. पण आजच्या तारखेला एका पाद्र्याने कुणाकडे चहा घेतला आणि घरी येताना तो किती भिजला, हे ते फाटकातूनच ओरडून सांगतात. हा पाद्री व्हिक्टोरिया राणीच्या काळातला. वेल्सच्या सीमेवरच्या खेड्यांतून पायी हिंडायचा आणि रोजनिशी लिहायचा. काका साउथहॅम्प्टनला पॅथॉलॉजिस्ट होते. निवृत्त होऊन लंडनजवळ हॅरोला आले, इथल्या जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमध्ये त्यांना ती छापील रोजनिशी मिळाली आणि माझ्या बँक हॉलिडेच्या सुट्ट्या संपल्या.

कारण काका मोटरवेवर गाडी चालवत नाहीत. मी चालवते. चार तास. रस्ता सांगणारा सॅटनॅव्ह लावायचा नाही, कारण "पाद्रीबुवांकडे होता का?"

"काका, पाद्रीबुवांकडे गाडीही नव्हती."

"पॉइंट नोटेड," म्हणतात आणि पुन्हा नकाशा उलटा धरतात.

पोचल्यावर स्टॉपवॉच निघतं. पाद्री चर्चपासून टेकडीवरच्या शेतापर्यंत जेवढ्या वेळात जायचा, तेवढ्यात आम्ही पोचलंच पाहिजे. एकदा माझा बूट चिखलात रुतला, तर "तुझ्यामुळे नोंद बिघडली, रेखा!" त्याच दिवशी त्यांनी एका घराची बेल वाजवून बाईला विचारलं, पाद्री चहाला कुठल्या खिडकीशी बसायचा? बिचारीने आम्हाला आत घेतलं. काकांनी तिचाच चहा पीत खिडकीची मापं घेतली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हेही मी चालवून घेतलं असतं. पण दर वेळी त्या पाद्र्याच्या थडग्यापाशी भाषण! लग्नानंतर थोड्याच दिवसांत तो गेला आणि पुढे त्याच्या बायकोने बऱ्याच वह्या नष्ट केल्या, असं म्हणतात. "बाईनं स्लाइडच फेकून दिली! नोंद हवी, नोंद!" तिचं थडगं त्याच आवारात, जरा लांब कोपऱ्यात आहे. काका तिकडे फिरकायचेसुद्धा नाहीत.

काकांच्या घरी नलूकाकूही रोजनिशी लिहायच्या. मराठीत, रोज दुपारी, आणि वही पेटीत कुलूपबंद. गेल्या हिवाळ्यात हॉस्पिटलमध्ये माझ्यासमोरच त्या काकांना म्हणाल्या, "अहो, माझ्या वह्या न वाचता जाळा."

"मी काय त्या पाद्र्याची बायको आहे?" काका तिथेही भडकले. काकू हसल्या. चार दिवसांनी त्या गेल्या.

तेव्हापासून पेटी समोरच्या खोलीत आणि किल्ली पेटीवर. मी गेले की आधी किल्लीकडे बघायची. काका वाचणार, याची मला खात्रीच होती आणि त्याचा संतापही यायचा.

"काका, काकू काय म्हणाल्या होत्या?"

"ठरवतो गं."

मे महिन्यातल्या बँक हॉलिडेला सकाळीच त्यांचा फोन आला, "चल." वाटेत नकाशा उघडला नाही. स्टॉपवॉच काढलं नाही. चर्चच्या आवारात शिरले ते पाद्र्याचं थडगं ओलांडून सरळ कोपऱ्यात गेले. टोपी काढली आणि चक्क मराठीत म्हणाले, "बाई, तुम्हाला फार बोललो. माफ करा."

मी विचारलं, "वह्या?"

"काल बागेत जाळल्या. सगळ्या."

"एकही पान वाचलं नाहीत?"

"नाही. पण एकेक पान फाडताना वरची तारीख दिसतेच ना गं. मग खालच्या मजकुरावर हात ठेवायचो. आमच्या लग्नाच्या तारखेला दर वर्षी पानभर लिहिलेलं होतं. मी तर तेव्हा दिवसभर लॅबमध्ये असायचो. एवढं काय लिहीत असेल ती?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस मी या माणसाच्या किल्लीवर पहारा करत होते, याची लाज वाटली.

गाडीत बसल्यावर काकांनी खिशातून एक कोरी वही काढली. पहिल्या पानावर तारीख घातली आणि थांबले.

"रेखा, आज वार कुठला गं?"

मे महिन्यातला बँक हॉलिडे सोमवारीच असतो, हे त्यांना इतक्या वर्षांत शंभरदा तरी सांगून झालं होतं.

"सोमवार, काका," मी म्हटलं आणि त्यांचं लिहून होईपर्यंत गाडी सुरू केली नाही.